वाळूवर पुढे कोण

४ मे
माझी टोपली पुन्हा भरली! वाळवून खातात तो सासुंग किडा वाळूत दडून बसतो. वर फुलासारखी बारीक खूण तेवढी दिसते. ती हेरायची अन् फावड्याचा एकच घाव! दुसऱ्या घावापर्यंत स्वारी हातभर खाली. अठ्ठावन्न वर्षांची झाले, पण बेटावर माझ्या तोडीची बाई नाही. मी कशाला सांगू, लोकच म्हणतात.

रिवाजाप्रमाणे घरातली मोठी बाई पुढे, कोऱ्या वाळूवर. सून दुएन मागून दोन्ही टोपल्या घेऊन. तिची अर्धीच. "आई, तुम्ही पुढे असल्यावर मागे उरणार काय?" लाघवी आहे पोरगी, पण नजर नाही.

७ मे
नवं जाड पेन आणलं. हल्लीची पेनं फारच फिकट उमटतात!

११ मे
दुएनला पलीकडच्या शहरात शिवणकामाच्या कारखान्यात धाडायचं ठरवलं. वाळूत तिचं काही खरं नाही. मुलाला खाणीवर फोन केला. "तुम्ही दोघी बघा," म्हणाला. बापावर गेलाय!

दुएन रडली. "मला नाही जायचं. मी इथंच बरी आहे."
"इथं राहून जन्मभर अर्धीच टोपली भरणार?"
उठून टोपल्या धुवायला गेली. वाईट वाटलं, पण तिच्या भल्याचंच आहे.

शेजारीण मुई उगाच मध्ये पडली— "बये, अशी सून दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही." हिला काय कळतंय!

१६ मे
गेली, सकाळच्या बोटीने. बोट दिसेनाशी झाली तरी मुईचं चालूच— "अगं, अजून हात हलवतेय ती!"

१७ मे
चारच किडे. त्यातले दोन तुटलेले.

"वाळू संपली," मुईला म्हटलं. तिची टोपली काठोकाठ! माझ्याकडे बघेना.
"वाळू नाही गं संपली. तुझी पाठ वळली की दुएन आपल्यातले मूठ-मूठ तुझ्या टोपलीत टाकायची. दोन वर्षं! मला शपथ घातली होती तिने."

खोटारडी म्हणाले तिला. घरी आले. मग ही वही मागे-मागे चाळली. अक्षर केवढं मोठं होत गेलंय.

१८ मे
दुएनला फोन केला. चूक झाली म्हणायचं होतं, तोंडातून फुटेना. म्हटलं, "शुक्रवारी ओहोटी मोठी आहे. ये. पुढे तू चाल, टोपल्या मी आणते."