सावलीच्या बाजूचे घर

मी, खाली सही करणारी, धंद्याने रफूगार, वयाने सत्तरीपलीकडची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टर खाली लिहून देणारच आहेत, पण मुलाला शंका काढायची सवय आहे म्हणून मीही सांगते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून घोळात घेतलेले नाही. गोड बोलून घोळात घेणारे होते ते वारले, त्यांच्याविषयी पुढे येईलच. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी नवऱ्यावर विश्वास असताना केले होते.

कलम १. डोंगरावरच्या या जुन्या गावात, खालच्या गल्लीत, दगडी भिंतींचे दुमजली घर माझ्या मालकीचे आहे. शहरातले माझे दुकान विकून आणि यजमानांचे (यापुढे नुसते 'हे') निवृत्तीचे पैसे घालून आम्ही ते दोघांच्या नावे घेतले. यांच्या माघारी ते माझे एकटीचे झाले. हे शाळेत इतिहास शिकवायचे. दारावरच्या कोरीव दगडाला हात लावून यांचे डोळे भरून आले, तेव्हाच मी ओळखले की हा माणूस आता इथून हलत नाही. मी दगड बघायला आले नव्हते. मी वरच्या खोलीच्या खिडकीत बसले, काळ्या कापडाचा तुकडा मांडीवर घेतला आणि त्यात काळ्या दोऱ्याने चार टाके घातले. रफूवाल्याला जागा पारखायची दुसरी रीत नाही. प्रत्येक टाका स्वच्छ दिसला, आणि मी हो म्हणाले. भर उन्हाळा होता.

थंडी पडली आणि सूर्य समोरच्या डोंगराआड गेला, तो थंडी सरेपर्यंत आमच्या गल्लीत फिरकला नाही. खालच्या गल्लीचे हे असेच असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. हे रोज खिडकीतून बाहेर डोकावून म्हणायचे, "यंदा ढग जरा जास्तच आहेत. दोन-चार दिवसांत उघडेल बघ." मी वाट बघत बसले. लोकरीचे कपडे माणसे थंडीतच बाहेर काढतात, कसर लागलेली तेव्हाच दिसते, त्यामुळे रफूचा धंदा सगळा त्याच दिवसांतला. दिव्याखाली काळ्यावर काळे दिसत नाही. एका वकिलाचा काळा कोट मी गडद निळ्या दोऱ्याने रफू करून दिला. त्याने तो माझ्याच दारात उन्हाळ्याच्या उजेडात उलगडून मला दाखवला. तेव्हापासून शहराकडून येणारी कामे आटली ती आटलीच. हात शाबूत असून मी रिकामी झाले.

कलम २. ज्यांच्याकडून घर घेतले त्या मिशीवाल्यांना काहीही देऊ नये. त्यांनीच मला गंडवले असे धरून मी कित्येक वर्षे त्यांच्याशी अबोला ठेवला होता. हे गेले त्या आठवड्यात ते भेटायला आले. दारात टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, उन्हाचं मी साहेबांना सौदा ठरायच्या आधीच सांगितलं होतं. म्हणून तर भाव उतरवून दिला. 'तिला मी सांगतो, तुम्ही बोलू नका,' म्हणाले ते."

मी त्यांना आत न बोलावता वाटेला लावले. अबोला अजून मोडलेला नाही. तोंड उघडायला त्यांनाही इतकी वर्षे मिळाली होती.

माझ्या मनाला काय लागले तेही इथे लिहून ठेवते. घर कसेही निघाले असते तरी मी निभावून नेले असते. पण हे माझ्याबरोबर त्याच अंधारात बसायचे, मला दिसेना म्हणून सुई ओवून द्यायचे, आणि ढगांना नावे ठेवायचे. सुई ओवून देताना तरी बोलायचे होते. त्या एका गोष्टीने माझा सगळा संसार मला खोटा वाटू लागला आहे.

कलम ३. यांची पुस्तके शाळेला द्यावीत. गावाच्या इतिहासावर यांनी लिहिलेले जाडजूड बाडही द्यावे. त्यात दरवाजे, जिने, पाणवठे, जुनी भांडणे सगळे आले आहे. सूर्याचा उल्लेख कुठेच नाही.

कलम ४. माझ्या सुया, भिंग, दोऱ्यांची पेटी आणि रफू करताना कापडाखाली धरायचा लाकडी गोळा वरच्या गल्लीतल्या वहिनींना द्यावा. त्या नात्याच्या कोणी नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला हाक मारली, "अहो, आमच्या खिडकीत येऊन बसा की. ऊन काय मी एकटी खाणार आहे?" तेव्हापासून हातात जे थोडेफार काम राहिले ते त्यांच्या खिडकीत झाले. त्यांना रफू येत नाही आणि येणारही नाही, शिकवून मी हात टेकले. तरी पेटी त्यांचीच. वस्तू मिळणार म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही, याचा त्यांना राग आला आहे. तो त्यांनी गिळावा.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते मुलाचे.

कलम ६. गेल्या महिन्यात मुलगा येऊन गेला. माझ्या पश्चात घराचे काय करायचे ते त्याने ठरवूनच आणले होते. "आई, उन्हाळ्यात दाखवायचं. तेव्हा घर कसं हसतं. शहरातली माणसं दगड बघूनच भुलतात."

मी विचारले, "आणि हिवाळ्याचं कोण सांगणार?"

"बाबा म्हणायचे, एकदा राहायला आलं की सवय होते."

म्हणजे यालाही माहीत होते. बापाने मुलाला विश्वासात घेतले, बायकोला नाही. मी आत जाऊन रडले आणि मग हे लिहायला बसले.

सबब, घर मुलालाच देते, पण पुढील अटींवर. घर भर हिवाळ्यात, सूर्य डोंगराआड असतानाच दाखवावे. गिऱ्हाइकाला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वरच्या खिडकीत बसवावे. 'इथे थंडीभर ऊन येत नाही' हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. नवराबायको आली असतील तर बायकोला सांगावे, नवऱ्याकडे निरोप देऊ नये. एवढे ऐकून जो घेईल त्याला खुशाल विकावे, भाव पडला तर पडू दे. अट मोडली तर घर वहिनींचे. त्या तिथे बटाटे साठवतील. बटाट्यांना अंधार मानवतो.

कलम ७. यांना गावाच्या वरच्या चढावर पुरले आहे. ती जागा यांनी हयातीतच दोघांसाठी घेऊन ठेवली होती. तिथे बाराही महिने ऊन असते, आणि त्याची यांनी घ्यायच्या आधी नीट चौकशी केली होती. मला तिथे ठेवू नये. दुसरी जागा मुलाने बघावी, सावलीत असली तरी चालेल. ऊन मला हातात सुई होती तेव्हा हवे होते.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही, आणि एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

सही: रफूगार बाई, खालची गल्ली

साक्षीदार १: गावचे डॉक्टर. 'बाईंना मी तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. रागावलेल्याही आहेत, पण त्याने शुद्धीला बाध येत नाही.'

साक्षीदार २: पोस्टमन. 'सही माझ्यासमोर झाली.'

ठिकाण: राहते घर, वरची खोली, खिडकीपाशी

तारीख: ११ जानेवारी, भर दुपारी, दिवा लावून