त्रिकोणाला माया

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जमेल तेवढं वाकून). तुझी तब्येत, वहिनीचे गुडघे आणि गच्चीतल्या कुंड्या ठीक असाव्यात. पत्र आहे म्हणून वर तीर्थरूप लिहिलं, पुढे नेहमीसारखं तू. इकडे सगळं बरं आहे. मशीन चालू आहे, गिऱ्हाइकांची कुरकुर चालू आहे, आणि बसून ऐक, सध्या माझ्या दुकानात भूमिती चालू आहे. तू तीन वर्षं डोकेफोड करून मला जी शिकवू शकला नाहीस आणि शेवटी 'हिला शिवणाच्या क्लासला घाला' म्हणून हात टेकलेस, तीच.

झालं असं, की माझ्याकडे काजबटणाचं काम करणारी बाई आहे, तिची मुलगी नववीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. लहान होती तेव्हा दुकानात बसून डब्यातली बटणं बोटांनी चाचपून वेगळी करायची (दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, आणि मी मध्ये हात घातला तर माझ्याच चुका काढायची), म्हणून आम्ही तिला बटणच म्हणतो. या बटणाला गणित घेऊन पुढे शिकायचंय. शाळेने तिला ब्रेलमधलं भूमितीचं पुस्तक आणून दिलं, उठावाच्या ठिपक्यांचं, चार जाडजूड खंड. तिने हौसेने उघडलं, तर आत लिहिलेलं, 'येथील आकृती वगळली आहे.' आणि लगेच खाली प्रश्न, 'वरील आकृतीवरून उत्तरे द्या.' पुस्तकभर हेच. तिने मला ते वाचून दाखवलं तेव्हा मला हसू फुटलं. ती हसली नाही, मग माझी मलाच लाज वाटली.

गणिताच्या बाई तशा वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, न दिसणाऱ्या मुलांना आकृतीच्या प्रश्नांतून सूट असते, ती घेऊन मोकळी हो. ही म्हणाली, सूट नको, आकृत्या द्या. बरीच ओढाताण होऊन ठरलं की महिनाअखेर बाई तिला त्रिकोणाच्या धड्यावर आकृत्यांसकट तपासतील. जमलं तर पूर्ण पेपर लिहायचा, नाही जमलं तर सूट घ्यायची आणि पुढे गणिताचं नाव काढायचं नाही. पोरगी घरी येऊन आईपाशी रडली. आई दुकानात येऊन माझ्यापाशी रडली. माझ्यापुढे रडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, आकृत्या मी शिवते. (तोंडातून निघून गेलं. तुला माझं तोंड माहीतच आहे.)

युक्ती सोपी वाटली. जाड कार्डाचा कागद घ्यायचा, मशीनचा दोरा काढायचा आणि नुसत्या सुईने रेघेवरून टीप मारत जायचं. कागदाच्या खालच्या बाजूला बारीक खरखरीत रेघ उठते, ती बोटाला लागते. तीन सुया मोडल्या, चौथीने सहा त्रिकोण दिले. मी ऐटीत तिच्यापुढे ठेवले. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली की मावशी, सगळं उलटं आहे. खरखरीत बाजू खालची, म्हणजे कागद पालथा घातला की डाव्याचं उजवं. पुस्तकात काटकोन एकीकडे, माझा भलतीकडे. जन्म गेला कापडाची सुलट आणि उलट सांभाळण्यात, आणि कागदाने मला बनवलं. मुकाट्याने सहाच्या सहा परत शिवले.

ते घेऊन ती घरी गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती तोंड एवढंसं करून. एकही उत्तर जुळत नव्हतं, आणि बाई म्हणतात तेच खरं, हे आपल्याला झेपणारं नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मग हळूच म्हणाली, प्रत्येक त्रिकोणाबाहेर हा दुसरा मोठा त्रिकोण कशाला आहे? मी म्हटलं, ती माया. मी समजावून सांगितलं की अगं, शिवणीबाहेर अर्धा इंच जास्तीचा सोडतात, पुढेमागे माणूस अंगाने भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्यावर ती शांतपणे म्हणाली, मावशी, त्रिकोण अंगाने भरत नाही. बिचारी दोन दिवस बाहेरचीच बाजू मोजत बसली होती. माया मी सोडली, आणि मठ्ठ ती स्वतःला समजत होती. मला फार लागलं ते, दादा.

तेव्हापासून माया बंद. (इतकी बंद, की परवा एका वकीलबाईंच्या कोटातही सोडायची राहिली. त्या आता कोर्टात हात वर करू शकत नाहीत. शिवाय त्याच कोटाच्या पाठीवर माझ्या खडूने काढलेला एक लंब निघाला.) आज एकेचाळीस आकृत्या तयार आहेत आणि सगळ्या बोटाला बरोबर लागतात. फक्त एवढंच, की ती विचारते, हे असं का? मी म्हणते, असंच असतं. तिला ते चालत नाही. बाई शनिवारी वीस मिनिटं देतात, त्यातली दहा कागद लावण्यात जातात. महिनाअखेरीला तीन आठवडे उरलेत.

बाकी ठीक. तुझ्याकडून काही नको, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुझी,
भूमितीत नापास बहीण

ता. क. सहज लिहिलेलं नाही. तू इथे ये, तीन आठवडे राहा आणि तिला तो धडा शिकव. 'मला आता दिसत नाही, मी काय शिकवणार' हे सुरू करू नकोस. फळा दिसेनासा झाल्यापासून तू शिकवण्या सोडल्यास आणि पेपर नुसता हातात धरून बसतोस, हे वहिनीने मला सांगितलंय. अरे, इथे शिकणारीलाच दिसत नाही. तुझं कुठे अडणार आहे?

ता. क. २. वहिनी, हे पत्र तूच त्याला वाचून दाखवते आहेस. टोमणे गाळू नकोस.

ता. क. ३. सोबतच्या कार्डावर पाच आकृत्या आहेत, बोटांनी बघ. पाठवायच्या आधी बटणाने तपासल्या, तर म्हणाली, यातली एक चुकली आहे. मी म्हटलं, कुठली ते सांग, लगेच दुसरी करते. सांगेना. म्हणाली, राहू दे तशीच. सरांना सापडली तरच त्यांना बोलव.