कुंडातल्या गप्पा

रेक्याविक, २८ ऑगस्ट

प्रिय हाल्बेरा,

जूनमधल्या तुझ्या पत्राला आज उत्तर देतेय. बाबांनी माझ्या नावावर केलेलं शेत आणि मेंढ्या विकतेय, पण सप्टेंबरात बाबा डोंगरावरून मेंढ्या उतरवून आणेपर्यंत त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं तू लिहिलं होतंस. यावर काय लिहावं तेच सुचेना. माफ कर.

शाळा सुरू होण्याआधी पाठीला शेक मिळावा म्हणून मी उत्तरेतल्या त्या नव्या गरम कुंडांवर गेले होते. वर बोचरा वारा, गळ्यापर्यंत ऊन पाणी, गंधकाचा वास. एरवी आपली माणसं हवेपाण्यापलीकडे बोलत नाहीत, पण कुंडात उतरली की जीभ सैल सुटते. दोन बायका मटणाच्या भावावरून वाद घालत होत्या. एक म्हणाली, "शेतावर आता उरलंय कोण? म्हातारे आणि त्यांची कुत्री!" शहरातली म्हणून मला यातलं काही ठाऊक नाही असं त्यांना वाटेल, या विचारानं मला गप्प बसवेना. माझी एक मैत्रीण सगळं विकतेय, तिच्या बापाला पत्ताही नाही, असं मी सांगून टाकलं. तुझं नाव घेतलं नाही. आपल्या खोऱ्याचं घेतलं. "मग काय, मेंढ्यांऐवजी पर्यटक पाळणार का?" ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, हाल्बेरा.

कोपऱ्यात एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. माझा चष्मा कपड्यांसोबत राहिलेला. त्या वाफेत मला चेहरा कुठला दिसतोय! तो उठला आणि जवळून जाताना हळूच म्हणाला, "ओद्दनी, पोरी, पाण्यातही चष्मा लावत जा." तुझे बाबा होते ते. गुडघा शेकायला आलेले.

मी ओल्या अंगानं त्यांच्या मागे धावले. पुरुषांच्या न्हाणीघराच्या दाराशी ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला कळलंय हे तिला सांगू नकोस," म्हणाले. "म्हातारा खुशीत डोंगरावर गेला, असंच तिला वाटू दे." मी हो म्हटलं.

तो शब्द मी आता मोडतेय. गप्प राहिले, तर तुम्ही दोघं एकमेकांना जपत एकाच कळपामागून चालाल आणि दोघंही एकटे असाल. शिवाय मी गप्प राहिले, तर माझं वागणंही झाकलं जाईल. मला इतकं सोयीचं असलेलं मौन खरंच त्यांच्यासाठी आहे, असं मला पटेना. डोंगरावर जाण्याआधी त्यांच्याशी बोल. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
ओद्दनी

ता. क. उद्या हे पत्र टपालात टाकण्याआधी तुझ्या बाबांना फोन करून सांगणार आहे, की मी शब्द पाळला नाही.