पाच गोळ्या, एक नाणं

शुक्रवार संध्याकाळ, महबूला, कुवेत

आज अबू फहदना खरं सांगावं लागलं. मी त्यांचा ड्रायव्हर, पण चार महिने त्यांच्या रायफलची काडतुसं हाताने भरतोय. थंडीत अमेरिकेत जुन्या मित्रासोबत कोयोटच्या, म्हणजे तिथल्या रानकोल्ह्यांच्या शिकारीला जायचं, म्हणून त्यांनी ती रायफल खास बनवून घेतली. काडतुसातल्या दारूचं वजन बदललं, गोळी बदलली, तरी त्यांचे नेम निशाणाच्या कागदभर विखुरलेले.

आज नेमबाजीच्या रेंजवर वैतागून म्हणाले, "यूसुफ, तू मार."

मी मारल्या. पाचही एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. तो कागद ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"काडतूस ठीक है. कब से ठीक है?"

त्यांचा हात थरथरतो हे मला दिसत होतं, पण दरवेळी मी दारूलाच दोष दिला. का? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की शुक्रवारची ही सोबत सुटू नये म्हणून? मला तरी इथे दुसरं कोण आहे?

"दो महिने से, बाबा."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. मित्राला फोन लावला. येईन, पण फक्त भेटायला, म्हणाले. मग रायफल पेटीत ठेवली. कुलपाला किल्ली लागेना. आज मी दुसरीकडे बघितलं नाही.

"लाओ बाबा," म्हटलं.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.