सासूबाईंच्या मापाचा स्वेटर

उज्जैन, ८ डिसेंबर १९५६

तीर्थरूप आईस, तुझ्या वत्सलेचा वाकून नमस्कार.

तापातून उठले आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. जिना चढताना मध्ये बसावं लागतं, इतकंच. नवं राज्य झाल्यापासून यांची कचेरी भोपाळला जाणार असं रोज ऐकते, पण तूर्त इथेच आहोत.

डॉक्टरांनी शक्तीसाठी माशाचं तेल दिलंय, रोज सकाळी एक चमचा. सासूबाईंचं सोवळं तुला ठाऊकच आहे. मी भीतीने बाटली ट्रंकेत साड्यांखाली लपवली आणि प्यायलेच नाही. तिसऱ्या दिवशी ती पाझरली. तू दिलेल्या हिरव्या इरकलीला अजून वास येतो.

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. सासूबाईंनी बाटली पुसून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवली. म्हणाल्या, "आंघोळीच्या पहिले घ्यायचं, मग कसलं ओवळं?" तरी माझ्या घशाखाली उतरेना. तेव्हा त्यांनी चमचा भरला, डोळे मिटून स्वतःच घेतला आणि म्हणाल्या, "बघ, मेले नाही. आता तू घे चुपचाप."

तेव्हापासून रोज पहिला चमचा त्यांचा, दुसरा माझा. मग मला बंबातलं गरम पाणी काढून देतात, आणि स्वतः या थंडीत राम घाटावर क्षिप्रेत बुडी मारून येतात.

बापूंचा खोकला कसा आहे? संक्रांतीला विष्णूबरोबर माझ्यासाठी स्वेटर पाठवणार आहेस ना, तो सासूबाईंच्या मापाचा विण.

तुझी,
वत्सला