झोपाळा पुसणारा माणूस

आये, परवा माझ्या नातीनं विचारलं, त्या कादंबरीतला झोपाळा कशाचं प्रतीक आहे म्हणून. तिच्या कॉलेजात ती जुनी कादंबरी लावलीय. मी शिक्षिकेच्या सवयीनं सांगायला लागले, अपुरी ओढ, हाती न लागणारं स्वप्न वगैरे, आणि मधेच थांबले. मला तू दिसलीस, चुलीपुढं बसलेली.

तेव्हा मी सातवीत होते. दुपारी तू मिठागरावरून येतेस, डोक्यावरची चुंबळ खुंटीला अडकवतेस, मिठानं चिरलेल्या टाचांना खोबरेल लावतेस आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसतेस. शाळेतल्या बाईंनी ती कादंबरी मला वाचायला दिलेली. तुला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी मोठ्यानं वाचायचे. नदीकाठच्या गावातला एक माणूस, त्याला पलीकडच्या गावातली मुलगी आवडते. ती येईल म्हणून तो ओसरीवर झोपाळा टांगतो. त्यावर स्वतः बसत नाही, कुणाला बसू देत नाही, फक्त रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो. तसाच म्हातारा होतो आणि मरतो. शेवटचं पान वाचताना मला रडू आलं. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "इतकी वर्सं पुसत बसला. एकदा होडीत बसून तिला इचारला का न्हाय?"

"तसं नसतं आये. बाई म्हणतात, मिळणार नाही हे माहीत असूनही धरून ठेवलेली इच्छा म्हणजे तो झोपाळा."

"इचारलाच न्हाय, तर माहीत कसा?" तू खरंच चिडली होतीस. "आनि रडाचा असंल तर वाचू नको."

मी धीर करून विचारलं, तुला कधी असं काही हवं होतं का? तू हसलीस. लहानपणी मामाची, म्हणजे तुझ्या भावाची, भाकरी घेऊन तू शाळेत जायचीस आणि खिडकीखाली उभी राहून पाढे ऐकायचीस. सातापर्यंत तुला पाठ होते. आठाचा पाढा सुरू व्हायच्या आतच मामानं शाळा सोडली. हे तू इतक्या सहज सांगितलंस की मीही हसले. मग तू हात धुतलेस आणि माझ्याकडं बघून विचारलंस, "तुला काय पायजे?"

पंधरा दिवस मी ते कुणाला बोलले नव्हते. सातवीची फायनल पास झाल्यावर मी अलिबागला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जावं, असं बाईंचं म्हणणं होतं. बानं तर पेणकडचं स्थळ पाहून ठेवलेलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू मिठागरावरून परस्पर शाळेत आलीस, खोचलेल्या लुगड्यानिशी, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. बाईंनी खुर्ची दिली तरी उभीच राहिलीस. सगळं विचारून घेतलंस, जेवण कुठं, झोपणं कुठं, सुट्टी कधी.

घरी बाला म्हणालीस, "पोर अलिबागला जानार."

"आनि लगीन?"

"दोन वर्सं थांबंल."

"लोकं काय म्हनतील?"

"लोकं मना रोज मिठावर भेटतात. इचारतील तर सांगन."

बा चार दिवस तुझ्याशी बोलला नाही. जायच्या दिवशी मात्र माझी ट्रंक त्यानंच खांद्यावर घेतली, करंजाच्या धक्क्यापर्यंत. रेवसची लाँच सुटली तेव्हा तू पदरानं डोळे पुसले नाहीस. मी बघत होते.

नातीला मी शेवटी सांगितलं, परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिही, पण माझी आई काय म्हणाली तेही ऐकून ठेव. तिनं ते वहीत लिहून घेतलं. हे पत्र मात्र मी कुठं टाकणार? तुला आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे.

एक राहिलंय. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा तू विचारलंस, "करमतं का तिथं?" मी म्हटलं, करमतं. आये, ते खोटं होतं. त्याआधी एका रविवारी मी ट्रंक घेऊन अलिबागहून एस.टी.नं रेवसच्या धक्क्यावर आले होते, कायमची परत यायला. लाँच लागलेली होती. घरी तुला काय सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी तिच्यात बसले नाही.