रखमाजीच्या पाटावर

तीर्थपुरी, १० सप्टेंबर १९५१

ज्यांच्या बापजाद्यांची नावं दप्तरांत परक्या हातांनी लिहिली, जिवंताला मेलेला आणि मेलेल्याला जिवंत करून टाकलं, अशा माझ्या मराठवाड्यातल्या बांधवांनो, ही वही तुमच्यासाठी आहे. निजामी गेली, पण तिचे कागद अजून आपल्यावर राज्य करतात. ते दुरुस्त करून घ्या, असं मी गावोगाव ओरडून सांगत आलो. आता सुरुवात स्वतःपासून.

मी मच्छिंद्र धर्मराज, राहणार भोकरदन. आजपासून इथल्या शाळेत मास्तर. मी पाळण्यात असताना वडील घर सोडून गेले. त्यांची ओळख आईनं सांगितली ती एवढीच, की उजव्या हाताचा अंगठा अर्धा होता, कडबा तोडताना गेलेला. आई या उन्हाळ्यात वारली. जाताना म्हणाली, "तुझा बाप तीर्थपुरीला रखमाजीच्या घरी गेल्ता. तेच आपलं घर समज."

गाव आवडलं. बाजरी कणसावर आली आहे. शाळेपुढं मोठा लिंब आहे. गौतमचंद किराणावाल्यांनी दुकानामागची खोली दिली आणि बजावलं, "मास्तर, भाषण ठोका, पण दुकान बंद झाल्यावर. गिऱ्हाईक पळून जातं."

खूप दिवसांनी हसलो.

१४ सप्टेंबर

रखमाजीचं घर सापडलं. घरात म्हाताऱ्या सगुणाबाई आणि त्यांची सून उषाबाई, दोघीच. रखमाजी हा सगुणाबाईंच्या सासऱ्यांचा चुलता. पोरवयात रागानं निघून गेला, कुठं मेला ते कुणाला कळलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी आईचं बोलणं सांगितलं. त्यांनी बसायला घोंगडी टाकली. मग विचारलं, मागं कोणी आहे का. कोणी नाही म्हणालो. उषाबाई चूल फुंकता फुंकता थांबली.

२१ सप्टेंबर

अंबडला जाऊन तालुक्याचा उर्दू कागद वाचून घेतला. रखमाजी, डाव्या पायानं लंगडा, मोठ्या दुष्काळात याच घरात मेला! परत येऊन सगुणाबाईंच्या शेतात गेलो. बांधावर त्याच्या नावाचा दगड आहे. त्यावर कोरलाय तुणतुणं वाजवणारा माणूस, धडधाकट दोन्ही पायांवर उभा. शके वाचला तर दुष्काळानंतर दहाएक वर्षांनी मेलेला.

घरचे म्हणतात, परागंदा. कागद म्हणतो, लंगडा. दगड म्हणतो, गवई. बेफिकीर कारकुनांनी आपल्या रक्ताची अशी थट्टा केली आहे. यावर शाळेच्या मैदानात बोलणार आहे, दोन ऑक्टोबरला.

२८ सप्टेंबर

सगुणाबाई स्वतः खोलीवर आल्या. परवा सर्वपित्री. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान त्या दिवशी वाढतात, आणि त्या पितराच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवून जेवू घालतात. म्हणाल्या, "रखमाजीबाबाच्या पाटावर घरचा माणूस चालत न्हाई, मास्तर. ज्याला कुणी न्हाई तो लागतो. मानमोडीची साथ आल्ती, तवापासून पाट रिकामा हाय. तुमी बसता का? बसला तो घरचाच झाला बघा."

घरचाच! कागदानं जे दिलं नाही ते या बाईनं एका वाक्यात दिलं.

हो म्हणालो.

३० सप्टेंबर

खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. पाटावर बसताच उषाबाईनं पायांवर पाणी घातलं. जेवायला या रखमाजीबाबा, अशी सगुणाबाईंनी हाक मारली. मी ओ दिली. तसाच रिवाज आहे म्हणे. छपरावरच्या घासावर लगेच कावळा बसला आणि दोघी रडल्या. आई गेल्यापासून मला कुणी आग्रह करून वाढलं नव्हतं.

२ ऑक्टोबर

मैदानात गाव जमलं होतं. मी हात वर करून बोलू लागलो आणि तोंडातून गाणं आलं. जुनी, खेड्यातली चाल. मी ती कधी ऐकलेली नाही. कोणी हसलं नाही. बायांनी डोईवर पदर घेतले.

घरी येताना डावा पाय ओढत होतो.

४ ऑक्टोबर

गौतमचंद म्हणाले, "रखमाजीबाबा, पायाला तेल देऊ का?" मी मच्छिंद्र आहे म्हणून ओरडलो. बराबर, बराबर, म्हणाले, आणि तेल दिलं.

७ ऑक्टोबर

या घराची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा भाट आला आहे. त्याला कागदाची आणि दगडाची विसंगती सांगितली. तो म्हणाला, "कागद बी खरा, दगड बी खरा. पाटावर लंगडा बसला, तो मेला. मंग गवई बसला, तो मेला. मंग भोकरदनचा बसला, तो मानमोडीत गेला. ज्याचा अंगठा अर्धा होता, तो."

एकही नोंद चुकलेली नव्हती.

बाबा.

८ ऑक्टोबर

पळून जाता येतं. मोटारीत बसलोही होतो. पण भोकरदनला दार कोण उघडणार? इथं संध्याकाळी पान वाढून कोणी वाट बघतं — उतरलो.

११ ऑक्टोबर

बांधावर पाथरवट बसला आहे. नवा दगड. हात वर करून बोलणारा माणूस — तोंड उघडं. चेहरा अजून कोरायचा आहे. सगुणाबाई त्याला भाकरी घेऊन आल्या होत्या. मला बघून पदर सावरला —

१३ ऑक्टोबर

उजवा अंगठा दिसतो, पण लेखणीवर टेकत नाही — पोरं हजेरीला उभी होती — एकाचंही नाव —

१४

वहीच्या पहिल्या पानावर कुणा मच्छिंद्राचं नाव आहे. अक्षर माझं. हा कोण? याला आई होती —

१५

बांधवांनो, कागद राहू द्या. दगड राहू द्या. एकच करा. हे ज्याच्या हाती पडेल त्यानं सगुणाबाईंच्या दारात यावं आणि मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल असं, मच्छिंद्र म्हणून हाक मारावी. एकदाच. मी पाटावरून मान वळवली तर —

पान वाढलंय. बोलावतायत. आलो म्हणा—